सहाशे माणसांच्या गावात टक्केवारी का फसवते: लोकसंख्या, उत्पन्न आणि विविधतेचे आकडे वाचताना

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात मोनोवाय नावाचं गाव आहे. २०१० च्या जनगणनेत या गावाची लोकसंख्या होती १. २०२० च्या जनगणनेत ती २ झाली. म्हणजे दहा वर्षांत शंभर टक्के वाढ! प्रत्यक्षात गावात दुसरं कुणी राहायला आलंच नव्हतं. छोट्या भागाच्या तक्त्यांवरून एखाद्या माणसाची ओळख पटू नये, म्हणून अमेरिकेच्या जनगणना खात्याने २०२० च्या आकड्यांत मुद्दाम थोडी गणिती सरमिसळ केली होती. राज्याची एकूण लोकसंख्या जशीच्या तशी ठेवली, पण खालच्या पातळीवर आकडे एक-दोनाने, कधी त्याहून जास्त, इकडेतिकडे सरकले. मोठ्या शहरात अशा फरकाचा कुणाला पत्ताही लागत नाही. मोनोवायमध्ये त्यामुळे लोकसंख्या दुप्पट झाली.

हे टोकाचं उदाहरण झालं. पण पाचशे-सहाशे वस्तीच्या कुठल्याही गावाचे आकडे याच जातीचे असतात. तिथे दोन-चार घरांची हालचाल झाली की लोकसंख्या, उत्पन्न, विविधता असे तिन्ही आलेख एकदम वळतात, आणि त्या वळणाला ‘कल’ म्हणायचं की नाही हे टक्केवारी सांगत नाही. त्यासाठी माणसं मोजावी लागतात. कोण आलं, कोण गेलं, कोण वारलं आणि कोणाला कुठल्या रकान्यात घातलं, हे पाहावं लागतं.

गाव कुठे सुरू होतं, आणि त्यात कोण मोजलं जातं

दोन वर्षांच्या आकड्यांची तुलना करण्याआधी त्या दोन्ही वर्षांचा नकाशा पाहावा. हद्द बदलली असेल, एखादी वाडी स्वतंत्र झाली असेल किंवा शेजारच्या नगरपालिकेने कडेची वस्ती आपल्यात घेतली असेल, तर लोकसंख्या ‘घटते’, पण माणसं आपापल्या घरातच असतात. भारतात जनगणनेच्या दृष्टीने एखादी वस्ती शहरी ठरण्यासाठी तीन अटी आहेत: किमान ५,००० लोकसंख्या, मुख्य कामकरी पुरुषांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती कामात, आणि दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसांची घनता. या अटी पुऱ्या करणारं गाव पुढच्या जनगणनेत ‘ग्रामीण’च्या तक्त्यातून उठून ‘शहरी’च्या तक्त्यात जाऊन बसतं. यातून एक गंमत होते. जी गावं चांगली वाढतात ती ग्रामीण राहतच नाहीत. मागे उरतात ती न वाढलेली. मग ‘ग्रामीण भाग ओस पडतोय’ हे वाक्य थोडंफार व्याख्येतूनच जन्माला येतं.

दुसरा प्रश्न, मोजायचं कुणाला? जो जिथे सापडेल तिथे, की जो जिथला कायमचा रहिवासी आहे तिथे? अमेरिकेत १ एप्रिल ही संदर्भ तारीख धरून नेहमीच्या राहण्याची जागा विचारतात, आणि वसतिगृहात राहणारा कॉलेजचा विद्यार्थी कॉलेजच्या गावात मोजला जातो, आईवडिलांच्या गावात नाही. भारतात २०११ ची प्रत्यक्ष गणना ९ ते २८ फेब्रुवारीत झाली. या सगळ्या दिवसांत जो आपल्या घरी नव्हता, तो घरच्या यादीत न धरता जिथे होता तिथे धरायचा, असा नियम होता. हंगामी कामाला कुटुंबासह बाहेर पडणाऱ्या गावाची यादी अशा वेळी आपोआप हलकी होते. पावसाळ्यात मोजलं असतं तर तेच गाव भरलेलं दिसलं असतं.

तुरुंग, वसतिगृह, वृद्धाश्रम, खाणकामगारांची छावणी ही ठिकाणं तर छोट्या गावाचं सगळंच चित्र पालटतात. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या अनामोसा गावाचा किस्सा त्या देशात बराच गाजला. तिथल्या एका प्रभागाची लोकसंख्या कागदोपत्री सुमारे १,४०० होती, पण त्यातले १,३०० हून जास्त तुरुंगातले कैदी, ज्यांना मतदानाचा हक्क नाही. २००५ मध्ये त्या प्रभागातून एक सदस्य दोन मतांवर निवडून आला. मताधिक्य दोनचं नव्हे, एकूण मतंच दोन. अशा गावाच्या तक्त्यात पुरुष जास्त दिसतात, तरुण जास्त दिसतात, वंशांची विविधता दिसते, आणि माणसी उत्पन्न तळाला गेलेलं दिसतं. यातलं काहीही त्या गावच्या गल्लीत दिसत नाही. म्हणून ‘सामूहिक निवासातली लोकसंख्या’ हा रकाना आधी शोधावा आणि ती संख्या वेगळी काढून उरलेल्या गावाचं गणित करावं.

४६ माणसं कमी झाली, म्हणजे नेमकं काय झालं

एक काल्पनिक गाव घेऊ आणि शेवटपर्यंत त्यालाच धरून राहू. सुरुवातीला लोकसंख्या ६१२, दहा वर्षांनी ५६६. घट ४६, म्हणजे साडेसात टक्के. बातमी इथेच संपते. खरं तर इथून सुरू व्हायला हवी.

लोकसंख्या बदलण्याचे रस्ते चारच: जन्म, मृत्यू, आत येणं, बाहेर जाणं. समजा या गावात दहा वर्षांत ५८ जन्म झाले आणि ८१ मृत्यू. वजाबाकी उणे २३. याच काळात ४९ जण राहायला आले आणि ७२ गाव सोडून गेले. पुन्हा उणे २३. म्हणजे ‘लोक गाव सोडून चालले’ ही अर्धीच गोष्ट झाली. उरलेली घट गाव म्हातारं झाल्यामुळे आहे, आणि ती कुणी गाव सोडलं नसतं तरी झालीच असती. शिवाय ४६ च्या आकड्यामागे २६० घटना लपलेल्या आहेत. जन्मलेले आणि आलेले मिळून १०७ जण, म्हणजे आजच्या गावातला साधारण दर पाचवा माणूस, दहा वर्षांपूर्वीच्या यादीत नव्हता. जे गाव बाहेरून थिजलेलं वाटतं ते आतून चांगलंच हलत असतं.

चारपैकी जन्म आणि मृत्यू नोंदवहीत मिळतात. येणं-जाणं सहसा कुणी नोंदवत नाही, त्यामुळे ते वजाबाकीने काढावं लागतं: एकूण बदलातून जन्म-मृत्यूचा फरक वजा केला की राहतं ते निव्वळ स्थलांतर. यातली गोम अशी की जनगणनेत झालेली प्रत्येक चूक, सुटलेलं घर, दोनदा लिहिलेलं माणूस, हे सगळं या शेवटच्या आकड्यात येऊन पडतं. प्रसूती तालुक्याच्या दवाखान्यात झाली आणि जन्माची नोंद तिथेच राहिली, तर गावात जन्म कमी आणि ‘आलेले’ जास्त दिसतात. जन्म नेहमी आईच्या राहण्याच्या पत्त्यावर मोजावेत, दवाखान्याच्या पत्त्यावर नाही. आकडा हातात आला की हे पहिलं विचारावं.

गेलेल्या ७२ जणांचं वय काय होतं, यावर गावाचं पुढचं गणित ठरतं. बहुतेक जण शिक्षणाला, नोकरीला किंवा लग्न होऊन जातात, म्हणजे अठरा ते तिशीतले असतात. लग्नामुळे होणारं स्थलांतर आकड्यांत फार मोठं असतं आणि चर्चेत फार कमी. १८८५ मध्येच अर्न्स्ट रॅव्हनस्टाइनने ब्रिटिश जनगणनेवरून दाखवून दिलं होतं की जवळच्या अंतरावर पुरुषांपेक्षा स्त्रियाच जास्त स्थलांतर करतात. समजा आपल्या गावात २० ते ३९ वयाच्या बायका ७० होत्या, त्या ४८ झाल्या. प्रत्येकीला पूर्वीइतकीच मुलं झाली, तरी एकूण जन्म ३१ टक्क्यांनी घटणार. शाळेचा पट कोसळतो तो या कारणाने. त्याला ‘लोकांना मुलं नको झाली’ हे उत्तर दिलं जातं, आणि ते अनेकदा चुकीचं असतं.

वयाची उतरंड मांडून पाहू. ५६६ पैकी १५ च्या आतली ६०, १५ ते ६४ मधले ३५६, ६५ च्या वरचे १५०. कामाच्या वयातल्या दर १०० माणसांमागे ५९ अवलंबून, आणि त्यांतही मुलांच्या अडीचपट म्हातारी माणसं. जपानी समाजशास्त्रज्ञ अकिरा ओनो यांनी १९९१ मध्ये अशा गावांसाठी ‘गेनकाई शुराकू’, म्हणजे कडेलोटाला आलेली वस्ती, असा शब्द रूढ केला. ज्या वस्तीत निम्म्याहून जास्त लोक ६५ च्या पुढचे आहेत आणि रस्ता, पाणी, अंत्यविधी अशी सामायिक कामं रेटायला हात उरलेले नाहीत, ती गेनकाई. आपलं गाव २६ टक्क्यांवर आहे. त्या रेषेपासून अजून लांब. पण रेषेकडे जाण्याचा वेग सरळ नसतो. तरुण बायकांचा आकडा घसरला की हा वेग वाढतो.

आता एक सावधगिरी. या गावात वर्षाला सरासरी सहा जन्म होतात. एखाद्या वर्षी नऊ झाले, तर कुणीतरी ‘जन्मदरात ५० टक्के वाढ’ असं लिहील. पण सरासरी सहा असलेल्या घटनेत नुसत्या योगायोगाने होणारी वरखाली साधारण सहाच्या वर्गमुळाइतकी, म्हणजे अडीचच्या आसपास असते. त्याच्या दुपटीपर्यंतचा फरक नेहमीचाच समजायचा. म्हणजे कुठल्याही वर्षी एकापासून अकरापर्यंत कितीही जन्म झाले तरी त्यातून काही सिद्ध होत नाही. पाच वर्षांची बेरीज घेतली की अपेक्षा ३० ची आणि वरखाली साडेपाचाची. १९ ते ४१ च्या बाहेर आकडा गेला तर मात्र कान टवकारावेत. छोट्या गावासाठी वार्षिक दर हा प्रकारच बाद करून पाच वर्षांची बेरीज वापरावी. कुणी वार्षिक आलेख काढून दाखवलाच, तर त्याच्या खाली प्रत्यक्ष संख्या मागाव्यात.

उत्पन्न: कुणाची कमाई वाढली, की कुणी निघून गेलं?

इथे सगळ्यात जास्त फसगत होते, म्हणून जरा थांबून पाहू. गावातली नऊ घरं घेतली. वार्षिक उत्पन्न, हजारांत, चलन कुठलंही समजा: १८, २२, २५, ३०, ३४, ४०, ५२, ७०, २१०.

बेरीज ५०१, सरासरी जवळजवळ ५६. नऊपैकी सात घरं या ‘सरासरी’च्या खाली आहेत. एकाच मोठ्या घराने ती वर ओढली आहे. म्हणून गावाचं उत्पन्न सांगताना मध्यक वापरतात: घरं चढत्या क्रमाने लावली की बरोबर मधलं घर. इथे तो ३४.

आता १८ आणि २२ हजारवाली दोन घरं गाव सोडून गेली. उरली सात. मधलं घर ४० हजारवालं. मध्यक ३४ वरून ४० वर, म्हणजे जवळजवळ १८ टक्के वाढ, आणि कुणाच्याही खिशात एक दमडी जास्त आलेली नाही. उलट करून पाहू. मूळ नऊ घरांत २० आणि २४ हजार कमावणारी दोन नवी जोडपी राहायला आली. घरं अकरा, मध्यक ३०. गावात तरुण आले, काम करणारे आले, दोन चुली वाढल्या, आणि अहवालात लिहिलं जाणार, ‘उत्पन्नात १२ टक्के घट’. तिसरा प्रकार: २१० हजारवाला शहरात राहायला गेला. सरासरी ५६ वरून ३६ वर आली, ३५ टक्क्यांची कोसळ. मध्यक मात्र ३४ वरून ३२ वर (आठ घरांत मधली घरं दोन, ३० आणि ३४; त्यांची सरासरी ३२), कारण मध्यकाला टोकाच्या घराशी देणंघेणं नसतं.

म्हणून उत्पन्नाचा आकडा आणि घरांची संख्या नेहमी शेजारी ठेवून वाचावी. घरं कमी होत असताना मध्यक चढला, तर आधी ‘खालची घरं गेली का’ हे तपासावं, मग प्रगतीबद्दल बोलावं.

घराचा आकारही घोळ घालतो. पाच माणसांचं ६० हजारांचं घर वेगळं निघून तिघांचं ४५ आणि दोघा म्हाताऱ्यांचं १५ असं झालं, तर एकूण पैसा तेवढाच, पण घरटी उत्पन्न निम्मं. म्हाताऱ्यांची एकेकटी घरं वाढत जाणाऱ्या गावात घरटी मध्यक असाच खाली येतो. यावरचा सोपा उपाय म्हणजे घराचं उत्पन्न माणसांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागणं; आंतरराष्ट्रीय तुलनांत ही रीत सर्रास वापरतात. नुसतं माणसांनी भागत नाहीत, कारण छप्पर, चूल, दिवा सामायिक असतो. पाच माणसांत ६० हजार म्हणजे या हिशेबाने २६.८, आणि दोघांत ४० हजार म्हणजे २८.३. वरवर गरीब दिसणारं दुसरं घर थोडं बऱ्या स्थितीत निघतं.

महागाई वजा करायला लोक विसरत नाहीत असं वाटतं, पण विसरतात. मध्यक दहा वर्षांत ३४ वरून ४६ झाला, ३५ टक्के वाढला. त्याच काळात किमतींचा निर्देशांक १०० वरून १४८ वर गेला. ४६ ला १.४८ ने भागा: ३१ हजार. म्हणजे जुन्या किमतींत गाव जवळजवळ नऊ टक्क्यांनी मागे सरकलं. इथेही एक खोच आहे. किमतींचा निर्देशांक देशाचा किंवा राज्याचा असतो, गावाचा कधीच नसतो. घरभाडं स्वस्त आणि प्रवास महाग असलेल्या दूरच्या गावाला तो ढोबळच लागू पडतो.

मुळात हे उत्पन्नाचे आकडे येतात कुठून? भारताच्या जनगणनेत उत्पन्न विचारलंच जात नाही, आणि नमुना पाहण्या देश व राज्य पातळीसाठी आखलेल्या असतात. त्यातून एका गावाचा आकडा काढता येत नाही. अमेरिकेत यासाठी ‘अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे’ आहे. वर्षाला सुमारे ३५ लाख पत्ते निवडून विचारणा होते. २०,००० हून कमी वस्तीच्या ठिकाणांसाठी एका वर्षाचा अंदाज दिला जात नाही. पाच वर्षांची उत्तरं एकत्र करूनच दिला जातो. म्हणजे ‘२०२२ चं उत्पन्न’ म्हणून जे दिसतं ते खरं तर २०१८ ते २०२२ या पाच वर्षांचं मिश्रण असतं. त्याची तुलना २०१७ ते २०२१ शी करणं म्हणजे चार वर्षं सारखीच असलेल्या दोन ढिगांची तुलना. ज्यांची वर्षं एकमेकांत शिरत नाहीत असेच दोन काळ घ्यावेत.

प्रत्येक अंदाजाशेजारी ‘अधिक-उणे’ असा एक आकडा असतो. तो न वाचता पुढे जाणं ही छोट्या गावाच्या अभ्यासातली सगळ्यात सर्रास चूक. समजा आधीचा अंदाज ३६,५०० अधिक-उणे ९,८००, नंतरचा ४१,००० अधिक-उणे ११,५००. वाढ ४,५०० दिसते. ती खरी मानायची का, हे तपासायला दोन्ही मर्यादांचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा: सुमारे १५,१००. फरक ४,५००, मर्यादा १५,१००. फरक मर्यादेपेक्षा लहान आहे, तेव्हा ‘उत्पन्न वाढलं’ असं म्हणता येत नाही. ‘घटलं नाही’ असंही म्हणता येत नाही. या आकड्यांवरून काही सांगता येत नाही, एवढंच लिहावं. आणि त्या सर्व्हेतली ही मर्यादा ९० टक्के खात्रीची असते. नमुना नशिबाने वेडावाकडा पडण्याची शक्यता धरूनही दहातल्या एका वेळी खरा आकडा तिच्या बाहेर असू शकतो.

दोन शेजारच्या गावांचे मध्यक मिळवून दोनाने भागणं हीसुद्धा नेहमीची चूक. मध्यकांची सरासरी हा मध्यक नसतो. दोन्ही गावांतली घरं उत्पन्नाच्या गटांनुसार एकत्र मांडून नव्याने मधलं घर शोधावं लागतं.

शेतीच्या गावात याच्या जोडीला आणखी अडचणी येतात. पीक गेलं त्या वर्षी कमाई शून्याखाली जाऊ शकते. घरी खाल्लेलं धान्य उत्पन्नात धरलं जात नाही, किंवा कुणी धरतं, कुणी नाही. बाहेरगावच्या मुलाने पाठवलेले पैसे कुठल्या घराच्या खात्यात मांडायचे यावर प्रगणकाचं आणि घरमालकाचं एकमत नसतं. अशा ठिकाणी एका वर्षाचं उत्पन्न विचारण्यापेक्षा जमीन, जनावरं, पक्कं घर, वाहन, कर्ज अशी मालमत्तेची यादी जास्त खरं बोलते.

विविधतेचा निर्देशांक

विविधता मोजण्याची सर्वांत वापरातली रीत सोपी आहे. गावातून डोळे मिटून दोन माणसं निवडली तर ती वेगवेगळ्या गटांतली निघण्याची शक्यता किती? प्रत्येक गटाचा वाटा काढायचा, वर्ग करायचा, बेरीज करायची आणि १ मधून वजा करायची. एडवर्ड सिम्पसनने १९४९ मध्ये ‘नेचर’मधल्या एका छोट्या टिपणात या मापाचं गणित मांडलं, ते मुख्यत्वे जीवशास्त्रात, प्रजाती मोजायला, वापरलं गेलं. १९५६ मध्ये जोसेफ ग्रीनबर्गने असंच माप भाषांना लावलं. गट धर्माचे असोत, भाषेचे, जातीचे की वंशाचे, कृती तीच.

आपल्या गावात तीन गट: ५४०, ५० आणि २२. वाटे ०.८८२, ०.०८२, ०.०३६. वर्गांची बेरीज ०.७८७, निर्देशांक ०.२१. दहा वर्षांनी ४८५, ५२ आणि २९: निर्देशांक ०.२५. ‘गाव अधिक वैविध्यपूर्ण झालं’ हे बरोबर, पण कशामुळे? लहान गटांत भर पडली फक्त नऊ माणसांची. मोठा गट ५५ ने आटला. मोठा गट ५४० वरच राहिला असता तर निर्देशांक ०.२३ च्या जरा वर थांबला असता. म्हणजे या वाढीतला जवळजवळ अर्धा भाग कुणी येण्याने झालेला नाही, आधीचे लोक कमी होण्याने झालेला आहे. दोन्ही गोष्टींचं मोजमाप एकच, गावातला अनुभव मात्र अगदी वेगळा.

खरी मेख रकान्यांत आहे. त्याच ६१२ माणसांच्या गावात ५४० चा गट प्रगणकाने पोटभेदांनुसार ३०० आणि २४० असा लिहिला, तर निर्देशांक ०.२१ वरून एकदम ०.६० होतो. ना कुणी आलं, ना कुणी गेलं. हे कल्पनेतलं वाटत असेल तर भारताची २०११ ची भाषागणना पाहा. लोकांनी मातृभाषा म्हणून जी नावं सांगितली ती १९,५६९ होती. छाननीनंतर त्यांच्या १,३६९ मातृभाषा झाल्या, आणि दहा हजारांच्या वर बोलणारे असलेल्यांचं गटीकरण करून १२१ भाषा. तिन्ही आकडे खरे. विविधता कोणत्या आकड्यावर मोजता यावर उत्तर ठरतं. अमेरिकेत २०१० मध्ये स्वतःला एकाहून जास्त वंशांचे म्हणवणारे ९० लाख होते, २०२० मध्ये ३ कोटी ३८ लाख. त्या देशाचा विविधता निर्देशांक ५४.९ वरून ६१.१ टक्क्यांवर गेला. पण दरम्यान प्रश्नाची मांडणी आणि उत्तरांचं वर्गीकरण दोन्ही बदललं होतं, आणि बहुवंशीयांच्या वाढीतला मोठा भाग त्यातून आला हे खुद्द जनगणना खात्यानेच सांगितलं. दोन वर्षांच्या प्रश्नावल्या शेजारीशेजारी ठेवून शब्द न शब्द जुळतो का हे न पाहता विविधतेचा कल सांगू नये.

निर्देशांक आणखी एक गोष्ट सांगत नाही: कोण कुठल्या आळीत राहतं. दोन गट गावाच्या दोन टोकांना राहून एकमेकांचं पाणीही पीत नसतील, तरी आकडा तोच येतो. त्यासाठी वस्तीनिहाय मांडणी लागते, आणि इतक्या छोट्या गावात ती सहसा गोपनीयतेपायी मिळत नाही. कॅनडात तर तक्त्यातले बहुतेक आकडे पाचाच्या किंवा दहाच्या पटीत वरखाली करून छापतात, त्यामुळे तिथल्या छोट्या गावात ‘५’ दिसले तर ते तीनही असू शकतात, सातही. रकान्यांची बेरीज एकूण आकड्याशी जुळली नाही तर छपाईची चूक समजू नये.

वयाची जोड दिली की मात्र हा विषय जिवंत होतो. आपल्या गावातल्या लहान गटांची ८१ माणसं सगळ्या वयांत सारखी विखुरलेली नसतात. समजा ६० मुलांपैकी २० त्यांची आणि १५० म्हाताऱ्यांपैकी ६. शाळेत दर तिसरं मूल लहान गटातलं, पारावर बसणाऱ्यांत पंचवीसातला एक. गावाची सरासरी १४ टक्के सांगते, आणि ती ना शाळेत खरी, ना पारावर. शिक्षिका आणि पारावरचे आजोबा गावाबद्दल दोन वेगळी वाक्यं बोलतात, आणि दोघंही बरोबर असतात.

उत्पन्न आणि विविधता एकत्र वाचताना एक जुना सापळा आहे. दुसऱ्या एखाद्या गावात मोठ्या गटाचं सरासरी उत्पन्न ५० वरून ५२ झालं, लहान गटाचं २५ वरून २८. दोघांचंही वाढलं. पण घरांतला लहान गटाचा वाटा १२ टक्क्यांवरून २५ वर गेला. हिशेब करा: गावाची सरासरी ४७ वरून ४६ वर आली. प्रत्येक गट सुधारला आणि गाव घसरलं. ‘नवीन लोक आले आणि गाव गरीब झालं’ असली वाक्यं अशाच तक्त्यांतून निघतात. गटवार आकडे मागितल्याशिवाय त्यांना उत्तर देता येत नाही.

पुढच्या दहा वर्षांचं काय?

घटीचा वेग धरून पुढे रेघ ओढणं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात निरुपयोगी. साडेसात टक्क्यांची घट तशीच चालू ठेवली तर पुढचा आकडा ५२४ येतो, पण तो वयाकडे न पाहता आलेला असतो. त्याऐवजी लोकसंख्या पाच-पाच वर्षांच्या वयोगटांत, स्त्री-पुरुष वेगळे, मांडावी. प्रत्येक गट दहा वर्षांनी दोन पायऱ्या वर सरकवावा, वयानुसार मृत्यू वजा करावेत, वीस ते चाळिशीतल्या बायकांवरून जन्म काढावेत, आणि स्थलांतराचे तीन पर्याय घ्यावेत: आहे तसं, निम्मं, आणि शून्य. उत्तर एका आकड्यात देऊ नये. ‘४९० ते ५४०’ अशा पट्ट्यात द्यावं. आकडा दशांशापर्यंत दिलेला दिसला तर करणाऱ्याने फक्त संगणकाचं बटण दाबलं आहे असं समजावं.

या सगळ्यात स्थलांतराचा भाग अंदाजाचा आहे. एक कारखाना बंद पडला किंवा एक पक्का रस्ता झाला की तो पार उलटतो. बाकीचं बरंचसं आजच ठरलेलं आहे. दहा वर्षांनी जे विशीत असतील ते आज दहा-बारा वर्षांचे आहेत आणि त्यांची नावं शाळेच्या पटावर आहेत. आपल्या गावात १५ च्या आतली सगळी मिळून ६० मुलं. त्यांतल्या मुली किती, त्यांच्या मोठ्या बहिणी लग्नानंतर कुठे गेल्या, आणि पटावरची किती कुटुंबं भाड्याच्या घरात राहतात, हे तीन आकडे एका दुपारी गोळा होतात. जनगणनेच्या पुढच्या तक्त्यांची वाट न पाहता सुरुवात तिथून करता येते.